नाक्यावरची भाविका

पुतळाबायची एक सवय आहे. काम पुरं झाल्याशिवाय ती त्याबद्दल बोलत नाही.

ही सवय तिला मिठागरात लागली. तरुणपणी ती तिथे कामाला होती. वाफ्यात पांढरं दिसू लागलं की नवी माणसं यंदा मीठ किती होईल ते बोलायला लागायची. पुतळाबाय गप्प. मीठ ओढून, डोक्यावरून वाहून, बांधावर त्याची रास लागली आणि राशीतलं पाणी निथळलं, की मगच ती म्हणायची, "झाला." तोवर कोणी विचारलंच तर, "बघू."

मिठागरं गेली. तिथे आता कंटेनरची यार्डं आहेत. सरकारने घेतलेल्या शेतजमिनीच्या बदल्यात मिळालेल्या भूखंडावर तिने आणि तिच्या दोन मुलांनी सहा खोल्यांची चाळ बांधली. गाव जुनंच, खाडीकाठचं. द्रोणागिरीच्या टोलेजंग इमारती गावाच्या पाठीला येऊन टेकल्या आहेत. मी मूळचा साताऱ्याकडचा. तळोज्याच्या कारखान्यात पाइप फिटर होतो. तिच्या चाळीत भाडेकरू म्हणून आलो, रिटायर झालो, तरी तिथेच आहे.

घरमालकीण असून चाळीचा व्हरांडा ती स्वतः झाडते. मी एकदा तिच्या मोरीचा नळ बदलून दिला. तिने त्याखाली कोरडी बादली ठेवली. दुसऱ्या दिवशी बादलीत बोट फिरवलं, कोरडं निघालं, बादली उचलली. तोंडाने काही बोलली नाही. मला ते पटलं. तेव्हापासून आमचं जमतं.

तिच्या थोरल्या मुलाची, रूपेशची मुलगी भाविका. रूपेश ट्रेलर चालवतो, महिन्यातले बरेच दिवस गुजरातच्या रस्त्याला असतो. सून गोदामात पॅकिंगला जाते. त्यामुळे पोर आजीच्याच हाताखाली वाढली. बोलायला लागली की थांबायची नाही. शाळेतून आली की दप्तर न उतरवता सगळ्या वर्गाचं भांडण सांगायची, दोन्ही बाजूंच्या आवाजात.

पाचवीला असताना गावातल्या शाळेचे दिलीप गुरुजी घरी आले. रोह्याच्या पुढे डोंगरात एक निवासी शाळा आहे. सहावीपासून दहावीपर्यंत राहून शिकायचं. परीक्षा असते, हजारो मुलं बसतात, मूठभर घेतात. "हिला बसवा," गुरुजी म्हणाले. "हिची तयारी होईल."

"तुमी शिकवाल?" पुतळाबायने विचारलं.

"सकाळी शाळेआधी तास घेईन. पण घरी बसवायला कोणीतरी पाहिजे."

"मी बसवन."

पुतळाबायला वाचता येत नाही. तरी तिने बसवलं. संध्याकाळी ती जवळा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, निवडायला घेई आणि समोर भाविका गणितं. आजीची नजर जवळ्यावर कमी, पोरीच्या पेन्सिलीवर जास्त. पेन्सिल थांबली की विचारायची, "थकलीस की अडलीस?"

"थकले."

"पानी पी. गच्चीवर जाऊन ये."

"आता अडले."

"मंग परत वाच. पयल्यापासून."

एवढंच शिकवणं. मी पुष्कळ फोरमन पाहिले. थकलेला माणूस आणि अडलेला माणूस यांतला फरक त्यातल्या थोड्यांना कळायचा. बाकीचे दोघांनाही सारखंच ओरडायचे.

परीक्षा झाली. निकाल लागला त्या दिवशी रूपेश बडोद्याला होता. निकाल बघितला मिथुनने. मिथुन म्हणजे पुतळाबायचा धाकटा. यार्डात माणसं पुरवायचं कंत्राट घेतो. गळ्यात चेन, मोटारसायकलला चार आरसे, मन साफ. त्याचं पुतणीवर फार प्रेम, आणि दुसरं प्रेम बॅनरवर. आमच्या नाक्यावर सगळ्याचेच बॅनर लागतात. नगरसेवकाचा वाढदिवस, पोलिसात लागलेला मुलगा, शर्यतीत पहिला आलेला बैल. बैलाला केक भरवतानाचा फोटो मी स्वतः पाहिला आहे.

मिथुनने फोनवर यादी उघडली, बोटाने सरकवत गेला, भाविकाचं नाव दिसलं, आणि त्याने तिथेच फोन बंद केला. सरळ फ्लेक्सवाल्याकडे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर दोन खांबांच्या मध्ये बॅनर उभा. भाविका आमच्या पत्र्याच्या दारापेक्षा मोठी. डोकं तिचं, खाली अंग दुसऱ्याच कुणाचं, निळा कोट आणि टाय घातलेलं. पाठीमागे शाळा म्हणून एक राजवाडा, त्याच्यासमोर कारंजं. 'निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' कडेने शुभेच्छुकांचे फोटो. त्यात सर्वात मोठा मिथुनचा, काळा चष्मा लावून, खाली 'काका कायम पाठीशी'.

पुतळाबाय बाजारातून येताना बघत उभी राहिली. मी शेजारीच होतो.

"हौसेराव, कोनाचं लगीन हाय?"

"लग्न नाही. भाविका पास झाली, त्याचा बॅनर आहे."

"आन ही दाढीवाली पोरां कोन?"

"शुभेच्छुक."

"ती पन पास झाली?"

तेवढ्यात दिलीप गुरुजी स्कूटर थांबवून उतरले. त्यांचा चेहरा बघूनच मला काहीतरी चुकल्याचं कळलं. भाविकाचं नाव होतं, पण वेटिंगच्या यादीत. वरची मुलं गळाली तर हिचा नंबर. लागेल किंवा नाही लागणार.

घरी मिथुनला उभं केलं गेलं. तो आधी हसला, मग फोन काढून यादी वर सरकवली, मग खाली बसला.

"काढ तो बोर्ड," पुतळाबाय म्हणाली.

"आई, आता काढला तर जास्त बेइज्जती. सगळ्या गावाने बघितलाय. नंबर येईल ना, टेन्शन काय घेते?"

"रास लागली नाय आन तू मीठ विकून आलास."

"आई, प्लीज. पोरीचाच पचका होईल."

पोरीचं नाव निघाल्यावर पुतळाबाय थांबली. बॅनर राहिला.

त्यानंतर उन्हाळाभर भाविका त्याच्याखालून जात-येत राहिली. बांगडीवाली विचारी, "गेली नाय अजून शालेत?" रिक्षावाले विचारत, "काय गो मॅडम, सुट्टी का?" कोणी वाईट बोलत नव्हतं. सगळे कौतुकानेच विचारत. काही दिवसांनी पोर नाका टाळून मागच्या गटाराच्या वाटेने येऊ लागली. एकदा माझ्या दारात बसून तिने मला विचारलं, "आजोबा, माझा नंबर नाय लागला तर बोर्ड कोन काढील?" मी म्हणालो, "लागेल गं." हे उत्तर नव्हतं हे तिलाही कळलं.

जूनमध्ये ती गावच्याच शाळेत सहावीला बसली. श्रावणात पत्र आलं. नंबर लागला होता. मिथुन चाळीत नाचला. "बोललो होतो ना? बोललो होतो ना?" पुतळाबायने सुनेला सांगितलं, ट्रंक बघा. मी ट्रंकेच्या बिजागऱ्या बदलून दिल्या. तिने झाकण कितीतरी वेळा उघडून मिटून पाहिलं.

भाविकाला पोचवायला आई-बाप दोघं गेले. पहिल्या रविवारी फोन आला. शाळेत रविवारी घरी फोन लावून देतात, थोडा वेळ. पुतळाबाय फोनचा आवाज पूर्ण वाढवून, कानापासून लांब धरून, ओरडून बोलते. त्यामुळे दोन्हीकडचं आख्ख्या चाळीला ऐकू येतं.

"कशी हास ग बाय?"

"बरी हाय."

"जेवतेस?"

"हो."

"पोरी कशा हायत?"

"बऱ्या हायत. आजे, बोर्ड हाय का अजून?"

"हाय ना! हाय!"

"बरं."

फोन संपला. मिथुन म्हणाला, "बघ, पोरीला किती अभिमान आहे. लांब गेली तरी बोर्ड विसरली नाही."

पुढच्या रविवारी तेच. बरी हाय, जेवले, बोर्ड हाय का. त्याच्या पुढच्या रविवारीही. मध्ये वाऱ्याने बॅनरचा एक कोपरा सुटून फडफडायला लागला होता. मिथुनने शिडी लावून तो तारेने आवळला आणि फोनवर मोठ्याने सांगितलं, "भावू, तुझा बोर्ड काकाने परत टाइट बांधलाय. काय समजलीस?" पलीकडून "बरं" आलं.

पुतळाबाय त्या दिवशी जवळा निवडता निवडता थांबली. "हौसेराव, ही पोर दप्तर काढायच्या आधी बोलायला लागायची. आता इचारल्याबिगर बोलत नाय."

"नवी जागा आहे. होतं असं."

"होतं," ती म्हणाली, पण मान हलवली नाही.

पालकांनी भेटायचा रविवार आला तेव्हा रूपेश गाडीवर होता आणि सुनेला सुट्टी मिळाली नाही. पुतळाबायला बसची पाटी वाचता येत नाही. म्हणून मी बरोबर गेलो. तिने डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं घेतलं होतं. सुकी मासळी घेतली नाही. "तितं पोरींना वास सोसायचा नाय. उगाच माझ्या पोरीला बोल नको," ती म्हणाली.

शाळा चांगली आहे. राजवाडा नाही, कारंजं नाही. बैठ्या इमारती, मोठं मैदान, कडेला वडाची झाडं. स्मिता मॅडम म्हणून मुलींच्या वसतिगृहाच्या प्रमुख आहेत. त्यांनी आम्हाला वडाखाली बसवलं आणि सांगितलं, "मुलगी शहाणी आहे. पण उशिरा आली ना, बाकीच्यांच्या जोड्या आधीच जमल्या. अभ्यासही पुढे गेलाय. धरेल हळूहळू. रडत नाही, तक्रार करत नाही. खरं सांगू, थोडी केली तर मला बरं वाटेल."

भाविका आली. गणवेशात. बारीक झालेली. कॉलर स्वच्छ होती. कपडे स्वतः धुवावे लागतात. पुतळाबायने आधी तिचे हात हातात घेऊन उलटेसुलटे बघितले.

"कोनी शिकवला कॉलर घासायला?"

"ऋतानं. ती खारघरची हाय. माझ्या शेजारचा पलंग."

"चांगली हाय?"

"तिलापन येत नवता आधी. तिच्या घरी मशीन हाय."

पोर जेवायला लागली. भूक होती. दुसरी भाकरी मोडली तेव्हा पुतळाबायने विचारलं, "थकलीस की अडलीस?"

भाविका खाली बघून म्हणाली, "दोनी नाय."

"मंग?"

"आजे, बोर्ड पडला का?"

"नाय ग. तुझ्या काकानं तारेनं बांधलाय. आता काय पडतो तो!"

पोरीचा हात डब्यातच राहिला. तिने घास परत ठेवला. मग रडली. मोठ्याने नाही. खांदे हलत होते एवढंच.

"मना घरी यायचा होता," ती म्हणाली. "पयल्याच आठवड्यात. पन बोर्ड हाय ना. खालून कशी येऊ? सगली वाचतील आन मी घरी."

म्हणजे दर रविवारी ती ते विचारत होती. कोणी तो उतरवलाय का, वाऱ्याने पडलाय का, आपल्याला परतायची वाट मोकळी झाली का. आणि आम्ही चाळभर लोक दर रविवारी तिला खुशीने सांगत होतो की वाट बंदच आहे.

मला वाटलं पुतळाबाय आता समजूत घालेल. एवढी मेहनत केलीस, थोडी कळ काढ, असं काहीतरी. मी असतो तर तेच म्हणालो असतो. तिने पदराने पोरीचं तोंड पुसलं, घास उचलून तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "आधी जेव. भाकरी मी पाटंला उठून केलीय."

पोर जेवली. निघताना पुतळाबायने तिच्या केसांवरून हात फिरवला.

संध्याकाळी बसने परतलो. नाक्यावर उतरलो. वर भाविका कोटात हसत होती. उन्हाने कोट फिका पडला होता. मिथुनचा चष्मा अजून काळाभोर.

"हौसेराव, तुमची शिडी कवरी हाय?"

"पुरेल."

"उद्या सकाली आना."

मी म्हणालो मी चढतो. तुमचे गुडघे बघा म्हणाली. तिचे माझ्याहून बरे आहेत हे खरं. सकाळी ट्रेलरची रांग लागायच्या आधी आम्ही नाक्यावर गेलो. मी शिडी धरली. तिने लुगड्याचा काष्टा आवळला आणि चढली. एका हाताने खांब धरून दुसऱ्याने तार सोडवू लागली. तार गंजली होती, वेढे घट्ट. चहाच्या टपरीवरची माणसं जमली. कोणीतरी मिथुनला फोन केला असणार. तो चपला न घालता आला.

"आई! काय करते? उतर! लोक काय बोलतील? पोरगी पळून आली बोलतील!"

"बोलू दे. तुझा फोटू मोठा हाय, तू उत्तर दे."

टपरीवर हशा पिकला.

"अगं, तिला आवडतो तो. दर रविवारी विचारते."

पुतळाबाय शिडीवरूनच बोलली. भाविकाने काय सांगितलं ते सांगितलं. एकही शब्द वाढवला नाही. मग म्हणाली, "पोर तितं बोर्डाच्या धाकानं बसलीय. धाकानं केलेला काम मना नको. मिठागरात मुकादम उभा असला की काम करनारी मानसं मी बगितली हायत. तो वलला की फावडा खाली. तशी माझी पोर नको."

मिथुन वर बघत राहिला. टपरीवरचं हसणं थांबलं होतं. मग तो म्हणाला, "उतर खाली. वेढे मी मारलेत. कुठून सुटतात ते मला माहीत आहे."

तो पक्कड घेऊन चढला. तार तोडली नाही, एकेक वेढा सोडवला. बॅनर खाली आला तेव्हा त्याने स्वतः त्याची वळकटी केली, तोंड आत करून. "मला वाटलं तिला आवडतं," तो मला म्हणाला. आईला म्हणाला नाही.

रविवारी फोन आला. चाळीतल्या सगळ्यांना माहीत होतं. कोणी टीव्ही लावला नव्हता.

"बरी हाय," पोर म्हणाली. "आजे, बोर्ड—"

"काढला. तुझ्या काकानं काढला. दोन खांब हायत नुसते. तुना यायचा तर सांग. आज बोललीस तर उद्याची पयली बस धरून येते. कोन काय बोलनार नाय. बोलला तर मी हाय."

मागून दुसऱ्या मुलींचा आवाज येत होता, कोणीतरी लवकर कर म्हणत होतं. पुतळाबायने फोन पहिल्यांदाच कानाला चिकटवून धरला. त्यामुळे पुढचं आम्हाला ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर मिथुनने विचारलं, "काय म्हणाली?"

"बोलली, उद्या नको ये. उद्या गनिताचा पेपर हाय. मंग सांगते बोलली."

"आणि?"

"आन ऋताच्या उशीत मुंग्या झाल्या, तो सांगत बसली. मागच्या पोरीनं फोन वडून घेतला."

ती जवळा निवडायला बसली. त्या दिवशी तिच्या पाटीत काड्या राहिल्या.

दिवाळीला भाविका घरी आली. ट्रंक घेऊनच आली, सगळं सामान भरून. सगळ्यांनी ते पाहिलं. सुट्टीसाठी एवढं कोणी आणत नाही. नाक्यावरून ती सरळ चालत आली. मिथुन रिक्षा घेऊन उभा होता, तरी चालत. खांबांमध्ये एका नव्या बैलाचा बॅनर लागला होता. तिने तो उभं राहून वाचला.

सुट्टीभर तिला कोणी विचारलं नाही. पुतळाबायने सगळ्यांना ताकीद दिली होती, मलाही. ट्रंक खोलीच्या मधोमध होती. ती रिकामी करायची की तशीच परत न्यायची, ते पोरीने ठरवायचं होतं. रूपेश घरी होता. तो येता-जाता ट्रंकेला अडखळायचा आणि बाजूला मात्र सरकवायचा नाही. पोर गावातल्या मुलींबरोबर फिरली, खाडीवर गेली, आजीबरोबर करंज्या लाटल्या. एका दुपारी गुरुजींकडे गणित विचारायला गेली. पुतळाबायने त्यावरूनही काही धरलं नाही.

जायचा दिवस जवळ आला. सकाळी पुतळाबाय अंगणात जवळा वाळत घालत होती. खाली तोच फ्लेक्स, चित्राची बाजू जमिनीकडे. भाविका येऊन उभी राहिली.

"आजे, यो बोर्ड हाय ना?"

"हाय. वाया काला घालवू?"

"यातला तुकडा देशील? आमी सकाली वडाखाली वाचायला बसतो. गवत दवानं वला असतो. सगल्यांकडं काय ना काय हाय बसायला. माझ्याकडं नाय."

पुतळाबायचा हात जवळ्यावर फिरता फिरता थांबला. मग पुन्हा फिरू लागला.

"कवरा देऊ?"

"दोघींपुरता. ऋता पन बसते."

"कंचा काढू? तुझा फोटू हाय तो?"

"नको ग बाय! काकाचा दे. मोठा हाय."

मिथुन दारात दात घासत होता. त्याच्या तोंडातून फेस उडाला. "माझ्यावर बसणार तू?"

"तूच बोर्डावर लिवलास ना, काका कायम पाठीशी. आता खाली ऱ्हा."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग कात्री त्यानेच आणली. स्वतःचा चष्मा मध्ये येईल असा चौकोन काळजीपूर्वक कापला. पुतळाबायने तो साबणाने घासला, वास घेतला, पुन्हा घासला. तिसऱ्यांदा घासला तेव्हा भाविका म्हणाली, "आजे, गेला वास."

"तुना गेला. ऋताला जायला पायजे."

उन्हात टाकून, दोन्ही बाजूंनी पालटून, कडक वाळल्यावरच तिने तो पोरीच्या हाती दिला. भाविकाने घडी घालून ट्रंकेत सर्वात वर ठेवला आणि झाकण मिटलं. बिजागऱ्या वाजल्या नाहीत.

या वेळी ती बापाबरोबर गेली. त्या संध्याकाळी मी आणि पुतळाबाय नाक्यावर भाजी घेत होतो. बांगडीवालीने विचारलं, "आये, नात राहिली म्हनायची शालेत?"

पुतळाबायने वांगं दाबून बघितलं, खाली ठेवलं, दुसरं उचललं.

"धावी होऊ दे," ती म्हणाली. "मंग सांगते."